धाग्याला लावायचे तेल



या थंडीत आमच्या घरी गोधडीवरून भांडण चालले होते. भांडण माझे आणि मशीनचे, घरातले बाकीचे फक्त ऐकत होते. "तुटला का?" असे हे आतल्या खोलीतून विचारायचे आणि मी उत्तर द्यायची नाही.

झाले असे, की नात पुण्याला हॉस्टेलवर राहायला गेली. तिला ब्लँकेट घेऊन देऊ म्हटले तर म्हणाली, "आजी, मला पणजीच्या साड्यांची गोधडी दे." पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणत असू. त्या २०११ मध्ये गेल्या. त्यांच्या साड्या मी पेटीत नीट घडी करून ठेवल्या होत्या. बहुतेक सुती, मालेगावच्या मागावरच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. एक मात्र पॉलिस्टरची, फिक्या जांभळ्या रंगाची. ती त्यांना फार आवडायची, कारण तिला इस्त्री लागत नसे.

पूर्वी गोधडी हाताने शिवायची म्हणजे दुपारभर दोघी-तिघी अंगणात बसून धागे टाकायच्या. आता माझ्या बोटांना ते होत नाही. मुलाने दोन वर्षांपूर्वी मला गोधड्या-रजया शिवायची मोठी मशीन घेऊन दिली. साध्या मशीनपेक्षा हिचा गळा लांब, म्हणजे सुई आणि मशीनचा खांब यांच्यामध्ये जागा जास्त, त्यामुळे गोधडीची गुंडाळी करून आत सरकवता येते. पायडल दाबले तर मिनिटाला दीड हजार टाके घालते. मी अर्थात इतकी पळवत नाही, पण तरी पायमशीनची सवय असलेल्या बाईला ती म्हणजे बैलगाडीतून उतरून आग्रा रोडवरच्या ट्रकमध्ये बसल्यासारखी वाटते.

तर या मशीनवर पाच साड्यांची थप्पी घातली आणि धागा तुटायला लागला. वीतभर शिवले की तुटला. परत ओवा. परत वीतभर. डिसेंबरचा महिना, शेजारच्या निफाडचा पारा रोज पेपरात, हवा कोरडी, बोटे गारठलेली आणि सुईचे भोक दिसत नाही. तिसऱ्या दिवशी मी मशीनवर कापड टाकले आणि सामायिकाला बसले. अठ्ठेचाळीस मिनिटांत मन स्थिर व्हायला हवे. माझे सुईच्या भोकात अडकले होते.

धागा का तुटतो याची मी सगळी कारणे तपासली. सुई उलटी बसली आहे का, चौदा नंबरची आहे ती सोळाची करून पाहू, टेन्शन सैल करू, बॉबिन केसमधला कचरा काढू. धागाच जुना आहे का तेही पाहिले. हाताने ओढून तुटतो तो धागा मशीनवर घालूच नये, कितीही स्वस्तात मिळालेला असो. हे सगळे केल्यावर फरक पडला, पण निम्माच. आधी वीतभर जात होते ते आता दोन हात जाऊ लागले.

मग मी माझ्या भावाला फोन केला. तो मालेगावला यंत्रमाग चालवतो. शिवणाचे त्याला काही कळत नाही, पण धाग्याचे कळते. त्याने विचारले, "ताई, एक टाका घालताना सुईतून किती धागा खाली जातो?" मी म्हटले, टाक्याएवढा. तो हसला. म्हणाला, "मोजून बघ."

बी.कॉम. झालेल्या बाईला मोजायला सांगितले की ती मोजतेच. चाक हाताने सावकाश फिरवून पाहिले. सुई खाली गेली की शटल धाग्याचा फास पकडून बॉबिनच्या भोवती पूर्ण फिरवते. त्या फेरीसाठी दहा-बारा सेंटिमीटर धागा लागतो. फेरी झाली की वरचा हात तो सगळा धागा परत वर ओढून घेतो. टाक्यात खर्च होतो तो फक्त अडीच-तीन मिलिमीटर. आता भागाकार करा. धाग्याचा तोच तुकडा कापडात बसण्यापूर्वी चाळीसएक वेळा सुईच्या भोकातून खालीवर जातो! पाच साड्यांच्या थप्पीतून, प्रत्येक वेळी घासला जात. मला त्या धाग्याची दयाच आली. चाळीस वेळा घासून बाहेर येणारा धागा तुटतो यात नवल नाही, बाकीचे धागे टिकतात हेच नवल.

त्यातून माझा धागा पॉलिस्टरचा आणि मध्ये ती जांभळी साडीही पॉलिस्टरची. घासून सुई तापते. कारखान्यातल्या वेगवान मशीनवर सुई दोनशे अंशांच्याही वर जाते म्हणे. पॉलिस्टर अडीचशेच्या पुढे वितळते, पण त्याआधीच नरम पडते आणि नरम पडलेला धागा ताणाला टिकत नाही. सुती धागा वितळत नाही, तो झिजून तुटतो. माझी सुई तेवढी तापत नसेल, पण धागा तुटल्यावर लगेच बोट लावले तर चटका बसायचा आणि तिच्या टोकाजवळ काहीतरी चिकट जमलेले असायचे.

भाऊ म्हणाला, "आमच्याकडे ताण्याच्या सुताला खळ दिल्याशिवाय मागावर चढवतच नाहीत. तुझ्या धाग्याला पण काहीतरी लाव."

काहीतरी लाव. हे ऐकले आणि मी गप्प झाले. कारण धाग्याला काय लावतात ते मला माहीत होते, आणि ते मी एकदा लावले होते.

ही गोष्ट मी आजवर लिहिली नाही. १९९१ ची थंडी. बाईंना संधिवाताचा त्रास सुरू झाला होता आणि त्यांच्यासाठी मी जाड गोधडी करायला घेतली होती. सात थर. तेव्हा पायमशीन होती आणि सुती धागा. तो असाच तुटत होता. आमच्या गल्लीत एक वयस्कर शिंपीकाका होते. त्यांच्याकडे गेले तर त्यांनी खणातून एक पिवळट तपकिरी गोळा काढून दिला आणि म्हणाले, "वहिनी, धागा यातून ओढून घ्या, मग बघा." मी घरी येऊन धागा त्यातून ओढला. बोटांना थोडे चिकट लागले आणि वास आला. मधाचा वास. मला त्याच क्षणी कळले की हे मधमाशीच्या पोळ्याचे मेण आहे.

आता बाहेरच्या वाचकाला वाटेल, त्यात काय एवढे? ज्यांच्या घरात हे पाळतात त्यांना सांगायला नको. मध, मद्य, मांस आणि लोणी या चार महाविगई. श्रावकाला मध वर्ज्य. कर्मादानाच्या पंधरा धंद्यांत रसवाणिज्य येते, त्यात मधाचा व्यापारही आला. बाईंचा तर मधाचा त्याग इतका कडक होता, की खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे बारीक अक्षर त्या माझ्याकडून वाचून घेत. रेशीमही त्या नेसत नसत. येवला आमच्यापासून जवळ, घरात लग्नकार्य झाले की सगळ्याजणी पैठणी घ्यायला जायच्या, बाईही सोबत जायच्या, दुकानात बसून पदर बघायच्या, मोराचे कौतुक करायच्या आणि स्वतःला सुती साडी घेऊन यायच्या. कोणाला नावे ठेवली नाहीत. "ज्याची त्याची शक्ती," एवढेच म्हणत.

आणि मी त्यांच्या गोधडीसाठी मेणाचा धागा वापरला. न कळत नव्हे, कळून. माझी बाजू मांडायची तर एवढीच, की तिसरा दिवस होता, दोन मुले लहान होती, हात दुखत होते आणि त्या मेणाने धागा खरोखर तुटायचा थांबला होता. दीड तासात गोधडी पूर्ण झाली.

पहिल्या रात्री बाईंनी ती अंगावर घेतली आणि म्हणाल्या, "कसला गं वास येतोय?"

मी म्हटले, "नव्या धाग्याचा असेल."

म्हणजे एकाच गोधडीत माझ्या नावावर दोन नोंदी. हिंसा आणि मृषावाद. आणि त्या गोधडीत बाई पुढे वीस वर्षे झोपल्या. शेवटच्या आजारातही तीच त्यांच्या अंगावर होती.

गंमत म्हणजे, मशीनने मात्र मला तेव्हाच पकडले होते. महिनाभरात टेन्शन लागेनासे झाले. दुरुस्तीवाल्याने चकत्या उघडल्या तर आत पिवळा थर आणि त्याला चिकटलेला धाग्याचा भुसा. "वहिनी, यात मध सांडला की काय?" तो सहज म्हणाला. हे शेजारी उभे होते, हसले. मीही हसले. आता कळते की मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. तापलेल्या सुईवर आणि दाबून धरणाऱ्या चकत्यांत ते पातळ होते आणि थंड झाले की तिथेच बसते. हाताने शिवताना मेण चालते, कारण तिथे चकत्याच नाहीत. हाताने रजई शिवायचा जो चकचकीत, मेण किंवा लेप दिलेला धागा वेगळा मिळतो, तोही मशीनवर घालू नये. कारण तेच.

दर संवत्सरीला प्रतिक्रमणानंतर मी बाईंच्या पाया पडून मिच्छामि दुक्कडम म्हणत असे. पण ते सगळ्यांना म्हणतात तसे. हिशेब शिकलेल्या माणसाला फरक कळतो. वर्षभराच्या सगळ्या चुकांची एकरकमी माफी मागणे वेगळे आणि नाव, तारीख, रक्कम लिहून ती एक नोंद दाखवणे वेगळे. कुठे टाकावी ते कळत नाही अशी रक्कम आपण सस्पेन्स खात्यात टाकतो. ती तिथे कायम ठेवायची नसते, पण राहते खरी. माझी वीस वर्षे राहिली. आणि मग ज्यांना दाखवायची त्याच राहिल्या नाहीत.

असो. भावाचा फोन चालूच होता. मी त्याला एवढेच विचारले, "खळीत काय असते?" तो म्हणाला, "स्टार्च. मक्याचा, टॅपिओकाचा. आणि मऊपणासाठी थोडे तेलकट काहीतरी." मग थोडे थांबून म्हणाला, "ताई, जुन्या काळी गिरण्यांत खळीत जनावराची चरबी घालत." मी हे पूर्वी कुठेतरी वाचले होते, पण भावाच्या तोंडून ऐकताना वेगळे वाटले. आपल्या आज्या-पणज्या गिरणीचे कोरे कापड आणले की भिजवून, उकळून, खळ काढून मगच वापरत. मला वाटायचे ते कापड आटते म्हणून. कदाचित फक्त तेवढ्यासाठी नसेल.

आठ दिवसांनी सूनबाई नाशिकला गेली होती, ती येताना एक छोटी बाटली घेऊन आली. धाग्याला लावायचे सिलिकॉन. पाण्यासारखे स्वच्छ, वास नाही, चिकट नाही, बोटांवर घेतले तर फक्त गुळगुळीत. मी आधी विचारले, "कशाचे आहे?" सूनबाई म्हणाली, "आई, मला वाटलेच तुम्ही विचाराल," आणि तिने मोबाईलवर वाचून दाखवले. सुरुवात वाळूपासून. वाळूतल्या सिलिकापासून सिलिकॉन धातूसारखा वेगळा काढतात, त्यावर रसायनांची प्रक्रिया करून तेल बनवतात. त्यात माशी नाही, चरबी नाही, किडा नाही.

वाळूतही पृथ्वीकायाचे जीव, हे मला कोणी सांगायला नको. कारखान्याची भट्टीही आलीच. संसारात शून्य येत नाही. म्हणून तर आपल्याकडे जयणा हा शब्द आहे. चालताना, लाटताना, पाणी गाळताना जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवायचे. मेण आणि वाळूचे तेल यांत मला कुठले घ्यायचे हे ठरवायला फार वेळ लागला नाही. सूनबाईने मला महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाचेही दाखवले. ते २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथे पेट्यांत माश्या पाळतात, पूर्वीसारखी पोळी पिळत नाहीत. चांगलेच आहे. पण एक किलो मेण बनवायला माश्यांना स्वतःचा सहा-आठ किलो मध खर्चावा लागतो, हेही त्याच मोबाईलने सांगितले. त्यांचे घर ते त्यांचे घर.

आता वापरायचे कसे ते सांगते, कारण मी आधी चुकीचेच वापरले. उत्साहात अर्धी बाटली रिळावर ओतली. धागा ओलाचिंब, सुरुवातीच्या वीतभर कापडावर तेलकट रेघ. तसे करायचे नाही. रीळ उभे धरायचे आणि वरून खाली बाटलीच्या टोकाने एक बारीक रेघ ओढायची. रीळ फिरवून दुसरी, मग तिसरी. तीन-चार रेघा पुरे. दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवले की ते आतल्या थरांत झिरपते. रीळ मोठे असेल तर निम्मे संपल्यावर पुन्हा एकदा. दुसरी पद्धत म्हणजे धागा जिथून जातो त्या तारेच्या कडीला फेल्टचा छोटा तुकडा अडकवून त्यावर दोन थेंब टाकायचे. मला रेघांचीच पद्धत जमली. बॉबिनच्या धाग्याला लावायची गरज पडली नाही, तो भोकातून चाळीस वेळा जात नाही.

लावल्यावर आधी चिंधीवर शिवून बघायचे. धागा निसरडा झाला की टेन्शन सैल पडते, माझे अर्ध्या आकड्याने वाढवावे लागले. डाग पडतो का तेही चिंधीवरच दिसते. ज्या कापडावर पुढे गोंदाने काही चिकटवायचे किंवा रंगवायचे आहे तिथे हे तेल वापरू नये, सिलिकॉनवर काही धरत नाही आणि ते धुऊन सहज निघतही नाही. आणि मशीनचे तेल धाग्याला आणि धाग्याचे तेल मशीनला, ही अदलाबदल तर कधीच नको. मशीनच्या तेलाने कापडावर पिवळे डाग राहतात आणि सिलिकॉनने मशीनच्या सांध्यांना हवे ते वंगण मिळत नाही. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून मी एकीला लाल दोरा बांधला आहे.

पायमशीनच्या काळात आम्ही यातले काही न करता सुई डोक्याच्या केसांतून फिरवायचो. खोबरेल तेलाचा हात लागलेली सुई कापडात सळकन जायची. तो उपाय आजही हाताच्या शिवणाला चालतो, फक्त पांढऱ्या कापडाला नको.

तर गोधडी झाली. पाच साड्या, मधोमध जांभळी, कडेने बाईंच्या एका हिरव्या साडीचे काठ. धागा शेवटपर्यंत दोनदा तुटला, दोन्ही वेळा माझ्या चुकीने. सुईही मी मोठ्या भोकाची घेतली होती, त्याचाही गुण आहे. सगळे श्रेय बाटलीला देणार नाही.

याच दिवसांत शेषकाळात काही महासतीजी आग्रा रोडने विहार करत आल्या आणि आमच्या स्थानकात चार दिवस थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एक लहान महासतीजी सुई वहोरायला आल्या, चादरीचा उसवलेला कोपरा शिवायचा होता. संध्याकाळ व्हायच्या आत सुई परत केली. ती परत घेताना माझ्या हातात ती सुई राहिली आणि मी विचारले, "मोठ्या महासतीजी आलोयणा देतील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याख्यानानंतर मी त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्यांदाच पूर्ण सांगितले. साल सांगितले, गोळा सांगितला, वास सांगितला, 'नव्या धाग्याचा असेल' हे वाक्य जसेच्या तसे सांगितले. मला वाटले होते त्या म्हणतील, एवढी छोटी गोष्ट, किती वर्षे झाली. त्या तसे म्हणाल्या नाहीत. शांत ऐकून घेतले आणि विचारले, "मेणाचे दुःख जास्त आहे की वाक्याचे?" मी म्हटले, वाक्याचे. त्यांनी प्रायश्चित्त दिले. किती आयंबिल ते इथे लिहीत नाही. करते आहे.

घरी येऊन यांना सांगितले. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाईला तेव्हाच कळलं होतं." मी चमकले. "कशावरून?" तर म्हणाले, "दुसऱ्या दिवशी ती गोधडी तिने पाण्यात बुडवली होती. थंडीत. मी विचारलं तर म्हणाली, नव्या धाग्याचा वास काढतेय." मला ते धुणे आठवतच नाही. मी कदाचित मुलांना शाळेत सोडायला गेले असेन. थंड पाण्याने मेण निघत नाही हे बाईंना माहीत नसेल असेही नाही, त्यांनी आयुष्यभर दिवाळीत फरशीवरचे मेण खरवडले होते. त्या मला काही बोलल्या नाहीत आणि त्या रात्री तीच ओलसर गोधडी परत अंगावर घेतली का, हे यांना आता सांगता येत नाही.

नवी गोधडी मुलाबरोबर पुण्याला गेली. नातीचा फोन आला, "आजी, ऊब छान आहे, पण धागा किती गुळगुळीत लागतो गं, काय लावलंस?" या वेळी मी सगळे सांगितले. वाळूचेही आणि मेणाचेही. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "मग ती जुनी पण मला दे ना."

अजून दिलेली नाही. सात थर आहेत, उसवून मेणाचा धागा काढायचा म्हटले तर महिना जाईल, आणि उसवायची की तशीच ठेवायची यावर माझे आणि यांचे एकमत होत नाही. हे म्हणतात, हात लावू नकोस. सध्या ती माळ्यावरच्या पेटीत आहे. डांबराच्या गोळ्या टाकत नाही, कडुलिंबाचा पाला टाकते. परवाच बदलला.